सव्वीस खोल्या आणि एक बंगला

जुना फोटो हातात आला की माणूस आधी चेहरे शोधतो. हा आजोबा, ही आत्या, ही आत्याच्या कडेवर रडणारी मी. गणूबाबा भोईर चेहऱ्यांकडे बघतच नाहीत. ते शर्टाच्या खिशातून भिंग काढतात, फोटो उजेडाला तिरका धरतात आणि विचारतात, "मागं काय हाय?"

आमची ओळख झाल्यावर रोह्यात एका साखरपुड्याला मी त्यांना पहिल्यांदा असं करताना पाहिलं. मुलीच्या आजीने कौतुकाने आपला तरुणपणचा फोटो सगळ्यांना दाखवायला काढला होता. नऊवारी, नाकात नथ, हातात रुमाल. पाहुणे वा वा करत होते. फोटो गणूबाबांकडे आला. त्यांनी भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही बाई नेमकी टाकीपुढं उभी राहिली. अख्खी टाकी खाल्लीन."

"भावजी, ती मीच हाय," आजी म्हणाली.

"ठाऊक हाय गो. पण हातभर बाजूला सरली असतीस तर तुझं काय जात होतं?"

साखरपुडा झाला. पण आजी त्यांच्याशी बोलेना.

त्याहून वाईट प्रकार एका दहाव्याला झाला. गेलेल्या माणसाचा फोटो पाटावर ठेवलेला, वर झेंडूचा हार. गणूबाबांनी नमस्कार केला आणि मग हार अलगद उचलून फोटोच्या कोपऱ्यात डोकावले. थोरला मुलगा धावत आला. "काका, काय करताय?" गणूबाबा शांतपणे म्हणाले, "हार इथं आलाय ना, तिथं पाच नंबरची खिडकी असायला पायजे." सुनीतावहिनी, म्हणजे त्यांची सून, मला हे सांगताना अजून पदराने तोंड झाकतात. "लोक म्हणतात तुमचे सासरे चोर आहेत की वेडे, ते तरी ठरवा."

चोर नाहीत. वेड्याचं पुढे बघू.

रोह्याच्या एका डोंगरावर पूर्वी बॉक्साइटची खाण होती. खाण म्हणजे जमिनीतलं भुयार नव्हे. डोंगराचा माथा सुरुंगाने फोडायचा, पहारीने उकरायचा, घमेल्यांनी ट्रकात भरायचा. बाया घमेली वाहायच्या, पुरुष पहार मारायचे, आणि गणूबाबा खालच्या ओढ्यावरच्या पंपाने वर पाणी चढवायचे. माथ्यावर कामगारांच्या सव्वीस खोल्या, एक पाण्याची टाकी, एक विहीर आणि मॅनेजरचा बंगला. मग खाण बंद पडली, कंपनी गेली, माणसं निडी, नागोठणं, पेण, जमेल तिथे पांगली. खोल्यांच्या विटा लोकांनी उतरवून नेल्या. वर आता कारवीच्या झुडपांशिवाय काही नाही.

हे सगळं मला काहीच माहीत नव्हतं. मी पेणची. आमचा गट पत्रकं काढतो, चौकात सभा घेतो, अर्ज करतो. त्या डोंगरावर नव्याने खाण काढायचा प्रस्ताव आला तेव्हा त्याचा अहवाल आम्ही मिळवला. त्यात एक वाक्य होतं: सदर क्षेत्र निर्जन असून तेथे पूर्वी कधीही मानवी वस्ती नव्हती, केवळ एक विश्रामगृह होते. हे वाक्य साधं नाही. वस्ती होती म्हटलं तर विहीर आली, विहिरीचा झरा आला, खालच्या गावांचं पाणी आलं, वर पुरलेली तान्ही पोरं आली. नव्हती म्हटलं की लावा सुरुंग.

रोह्याच्या नाक्यावर मी त्यावर भाषण ठोकलं. पत्रकं वाटली. दुसऱ्या दिवशी एक उंच, वाकलेला म्हातारा आमचं पत्रक घेऊन माझ्यासमोर उभा. पत्रकावर लाल पेनाने खुणा केलेल्या.

"हे तू लिवलंस?"

"हो, बाबा."

"झोपड्या काय लिवलंस? 'गरीब कामगारांच्या काही झोपड्या'! झोपड्या नव्हत्या. खोल्या होत्या. विटांच्या. वर मंगलोरी कौल. आन् 'काही' काय? सव्वीस. मोजता येत नाय तर लिवतेस कशाला?"

मी म्हटलं, "बाबा, भावना लक्षात घ्या."

"भावना राहू दे. आकडा दुरुस्त कर."

मला फार कमी लोकांनी इतक्या लवकर गप्प केलं आहे. मी आकडा दुरुस्त केला. तेव्हापासून ते मला नावाने हाक मारत नाहीत. पत्रकवाली म्हणतात.

त्यांच्या घरी गेले आणि पहिल्यांदा तो नकाशा पाहिला. मुलाच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये हॉलची एक पूर्ण भिंत त्याने व्यापली आहे. जुन्या कॅलेंडरांची पानं पाठ वर करून खळीने चिकटवलेली, त्यावर पेन्सिलीने खोल्यांची ओळ, टाकी, विहीर, मुकादमाचं ऑफिस. टीव्ही त्या भिंतीवरून उतरून फ्रीजवर गेला आहे. बातम्या बघायला मान वर करावी लागते. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो, त्याला फरक पडत नाही. फरक सुनीतावहिनींना पडतो.

"मालिका बघून मान आखडली माझी," त्या चहा देताना म्हणाल्या. "पण बोलायची सोय नाही. बोलले की म्हणतात, तू अकरा नंबरच्या अंगणात उभी राहून बोलतेस, आधी बाजूला हो."

नकाशात जे फोटोत सापडलं ते शाईने काढलेलं. जे नुसतं आठवतं ते पेन्सिलीने. मी विचारलं, असं का? गणूबाबा म्हणाले, "आठवण माझी हाय, मी मेलो की गेली. फोटो माझा नाय. तो खोटं कसा बोलेल?"

मला हे वाक्य पत्रकात घ्यायचं होतं. मग मी नीट बघितलं. शाईने काढलेला फक्त बंगला होता. ठसठशीत, पायऱ्या, खांब, कठड्यावरच्या डेलियाच्या कुंड्यांसकट. टाकीचा वरचा काठ शाईत होता, एका खिडकीचा अर्धा भाग शाईत होता. सव्वीसच्या सव्वीस खोल्या पेन्सिलीत.

"एवढे फोटो बघितलेत, आणि खोली एकही नाही?"

"नाय."

"असं कसं?"

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

खाणीवर वर्षातून एकदा फोटोवाला यायचा, दसऱ्याला. त्या दिवशी काम बंद. ट्रकांना हार, पहारींना हळदकुंकू, पंपाला नारळ. कंपनीसाठी यंत्रांचे फोटो काढून झाले की फोटोवाला कामगारांचे काढायचा, ज्याचे त्याने पैसे द्यायचे. आणि सगळे जण, एकूणएक, मॅनेजरच्या बंगल्यापुढे जाऊन उभे राहायचे. मॅनेजर दसऱ्याला त्याच्या गावी जायचा, बंगल्याला कुलूप असायचं, वॉचमन आपलाच. मग खोलीतली खुर्ची डोक्यावर घेऊन माणसं बंगल्यासमोर रांग लावायची. नवीन लुगडं, तेल लावलेले केस, मागे डेलिया. फोटो गावी पाठवायचा, माहेरी पाठवायचा, मुलीच्या सोयरिकीला दाखवायचा. बघणाऱ्याने समजायचं ते समजावं. आमचं घर, असं कोणी लिहायचं नाही. नाही, असंही कोणी लिहायचं नाही.

"म्हंजे फोटो बघितले तर," गणूबाबा म्हणाले, "सव्वीस बिऱ्हाडं एकाच बंगल्यात ऱ्हायची."

मी हसले. ते हसले नाहीत. मग मलाही कळलं की यात हसण्यासारखं काही नाही. आम्ही नव्या खाणीच्या जनसुनावणीत पुरावा म्हणून हेच फोटो देणार होतो. गणूबाबांनी तोवर बघितलेले चौतीस फोटो, चौतिसांत तोच बंगला. अहवाल म्हणतो, केवळ एक विश्रामगृह होतं. आणि आमची माणसं स्वतःच्या हाताने ते सिद्ध करून देत होती.

त्या दिवशी मला कामगारांचा राग आला, हे कबूल करते. मी पेणला परतताना वडखळपर्यंत एसटीत मनातल्या मनात भांडत होते. श्रमाची लाज कशाला? ज्या खोलीत जगलात, पोरं वाढवलीत, तिच्यापुढे उभं राहायला काय झालं होतं? घरी येऊन त्यावर एक पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी फाडलं. आमच्या घरातल्या फोटोत माझे वडील कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसले आहेत. ती आमची कधीच नव्हती.

मग आम्ही दोघं घरोघर फिरलो. माझ्या स्कूटरवर मागे गणूबाबा, त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत भिंग, पट्टी आणि खोकला थांबवायच्या गोळ्या. ते माणसांना अजून खोलीच्या नंबराने ओळखतात. "आज नऊ नंबरकडं जाऊ. मग तीन नंबरची लेक नागोठण्यात दिलेय, तिच्याकडं." डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला मोतीबिंदू सांगून वर्ष झालंय. ते तारीख देतात, गणूबाबा पुढे ढकलतात. डोळा बांधला तर तेवढे दिवस फोटो कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं.

घरोघर तेच. ट्रंक उघडायची, पितळी डब्यातून फोटो निघायचा, आणि बंगला. "आला बंगला," गणूबाबा भिंग न लावताच म्हणायचे. एकदा एका घरी फोटोत पाळीव बोकड होता, म्हणून त्यांना आशा वाटली. बोकड काही बंगल्यापर्यंत न्यायचे नाहीत. पण नेला होता. डेलिया खाताना आलाय.

एक दिवस मी हट्टाने त्यांना डोंगरावर नेलं. निदान पाये तरी सापडतील, त्यांचे फोटो काढू, असा माझा विचार. चढायला तीन तास लागले. वर कारवी डोक्याएवढी. गणूबाबांनी वाकून एक दगड शोधला, त्यावर पाय ठेवला आणि तिथून पावलं मोजत निघाले. दहा पावलं, वळण. दहा पावलं, वळण. मी सरळ त्यांच्याकडे निघाले तर ओरडले.

"भिंतीतून कुठं चाललीस? दारातून ये."

मी दारातून गेले. म्हणजे त्यांनी बोट दाखवलं तिथून. उन्हात, कारवीत, नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून. खरं सांगते, मला आत गार वाटलं.

त्यांनी मला एकेक खोली दाखवली. इथे गोमा कातकरी पेटी वाजवायचा. इथे बाळंतपण झालं. इथे नवरा-बायको दोघं रात्रपाळीला, पोरं शेजारी जेवायची. तेरापर्यंत आले. मग त्यांनी दहा पावलं टाकली, पण वळले नाहीत. आणखी दहा टाकून म्हणाले, "ही पंधरा. शेवंताची."

"आणि चौदा?"

"चौदा माझी." आणि पुढे निघाले. आत गेले नाहीत. मला वाटलं, थकले असतील.

पायाच्या दगडांचे फोटो आम्ही काढले. आमच्या वकिलांनी बघून बाजूला ठेवले. दगड आहेत म्हणाले, कशाचेही असतील. जनसुनावणीला पाच दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी मी रोह्याला त्यांच्या घरी गेले ती सांगायला की आता तोंडी साक्षींवरच भागवू. गणूबाबा नकाशासमोर बसले होते. सुनीतावहिनी मला आत घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांच्या ट्रंका उघडताय. आमची उघडली का?"

त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. तळाशी, वर्तमानपत्रात, एक फोटो. तरुण गणूबाबा, ताठ, पायांत बूट. शेजारी खुर्चीवर एक बाई. मागे, अर्थातच, बंगला.

"सासूबाई," वहिनी म्हणाल्या. "भागीरथी. हा एकच फोटो आहे त्यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. मी किती वेळा म्हटलं, भिंतीवर लावू, हार घालू. लावू देत नाहीत. म्हणतात, तो फोटो खोटा हाय. दुसऱ्यांच्या मयतांचे हार उचलून बघतात, आणि स्वतःच्या बायकोचा फोटो ट्रंकेत."

फोटोतली बाई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. सगळे बघतात. ती फोटोच्या बाहेर, कडेला कुठेतरी बघत होती.

मी बाहेर आले तेव्हा गणूबाबा म्हणाले, "उद्या निडीला जाऊ. शेवंताकडं."

"तुम्हीच म्हणालात, तिच्याकडे फोटो नाही."

"ती म्हणते नाय. पण तीन वर्षं मी विचारतोय आन् तीन वर्षं ती चहा जास्ती गोड करते. कायतरी हाय."

शेवंतामावशी निडीला स्टेशनाजवळ मुलाकडे राहतात. पंधरा नंबर. ठेंगण्या, ठणठणीत, आवाज अजून खाणीवरचा, म्हणजे सुरुंगाच्या वर चढणारा. गणूबाबांना बघताच म्हणाल्या, "आले भिंगवाले! काय भावजी, आमच्या भिंतीत काय नाय. नवीन रंग दिलाय."

चहा आला. पाकासारखा. त्यांनी पुन्हा सांगितलं, आमचा फोटो कधी काढलाच नाही. गणूबाबांनी बशीत चहा ओतला. माझ्या पिशवीत अहवाल होता. काय करावं सुचेना म्हणून मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. सदर क्षेत्र निर्जन असून तेथे पूर्वी कधीही मानवी वस्ती नव्हती.

"म्हंजे काय गो?"

"म्हणजे वर कोणी राहत नव्हतं."

शेवंतामावशींनी कप खाली ठेवला.

"कोन म्हणतो?"

"अहवाल म्हणतो."

"मंग मी बाळंत कुठं झाले? झाडावर?"

त्या उठल्या. आतून कपाट उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा, सुनेला दोन शब्द सुनावल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात फोटो. पण तो त्यांनी छातीशी धरून ठेवला.

"आधी शपथ घ्या, कोनी हसायचं नाय. माझं ध्यान हाय त्यात."

मी शपथ घेतली. गणूबाबांनी हात पुढे केला.

त्या दसऱ्याला शेवंतामावशी नऊ दिवसांच्या बाळंतीण होत्या. बारावा दिवस झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, मॅनेजरच्या पायरीला सोयर लावायचं नाही, असं सासूचं म्हणणं. सगळी खाण नटून बंगल्याकडे गेली आणि त्या एकट्या खोलीत रडत बसल्या. मग फोटोवाला त्यांच्याच दाराशी आला. म्हणून अख्ख्या खाणीत एकट्या शेवंतामावशींचा फोटो स्वतःच्या उंबऱ्यात बसून निघाला. कानाला फडकं बांधलेलं, अंगावर जुनं लुगडं, मांडीवर गुंडाळलेलं पोर, डोळे घट्ट मिटलेले. जन्मभर त्यांना त्या फोटोची लाज वाटली. बाकीच्या सगळ्या बंगल्यापुढे, आणि आपण खोलीच्या दारात.

फोटोत विटांची भिंत होती. वर मंगलोरी कौलं होती. दाराशेजारी चुन्याने काढलेला आकडा होता, पंधरा. पलीकडे दुसरं दार आणि आकडा, चौदा. त्याच्याही पलीकडे ओळ जात होती, तेरा, बारा, लहान होत होत.

मी जवळजवळ ओरडलेच. "बाबा! सापडलं! हा एक फोटो पुरे!"

गणूबाबांनी भिंग लावलं होतं. ते ऐकत नव्हते. मी बघितलं, भिंग ओळीवरून फिरत नव्हतं. ते चौदाच्या दारावर थांबलं होतं. त्या दारावर काहीतरी काढलेलं होतं. चौकटीला वेल, मधल्या फळीवर एक पोपट.

गणूबाबा म्हणाले, "भागीनं काढलेला."

भागीरथी पेणची. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी लहानपणी तीच करायची. तिच्याएवढा स्थिर हात कारखान्यात कोणाचा नव्हता. लग्न होऊन खाणीवर आली आणि घमेली उचलायला लागली. पण पहिल्या वर्षी माहेराहून उरलेले रंग वाट्यांतून आणले आणि खोलीचं दार रंगवलं. महिनाभर, कामावरून आल्यावर, रोज थोडं थोडं.

"दसऱ्याला तिनं दार धुतलं," गणूबाबा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की फोटोशी, कळत नव्हतं. "तोरण बांधलं. मला म्हणाली, आपला फोटो हितं काढूया, माझ्या दाराशी. मी म्हटलं, दार रंगवलं म्हणून खोलीचा बंगला व्हतो काय? लोकांना काय दाखवणार, कामगाराची खोली? चल गप बंगल्याकडं. हात धरून नेलं मी. चार लोकांदेखत. ती बसली खुर्चीवर. बोलली काय नाय. परत कधी काय बोलली नाय त्यावर. आन् खाण बंद झाली तवा मी पंपावर शेवटची पाळी करून वर आलो, तर कंत्राटदारानं समदी दारं ट्रकात भरून न्हेलेली."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मला वाटलं, ते दार कुणाच्या तरी मागं चुकून आलं असेल."

शेवंतामावशी एकदम म्हणाल्या, "चुकून?"

"म्हंजे?"

"भावजी, फोटोवाल्याला माझ्या दाराशी कोनी आणला असं वाटतंय तुमाला? तो कशाला येतोय बाळंतिणीकडं? भागीनं आणला. बंगल्याकडनं आली ती त्याला घेऊनच आली. डोळे लाल. मला म्हणाली, रडू नको, तुझा पन निघेल. मंग त्याला म्हणते, दादा, जरा इकडं सरून उभं ऱ्हावा, हितनं उजेड बरा हाय. तो सरला. म्हणते, आनखी थोडं. कसला उजेड! समदं ऊन माझ्या डोळ्यात. बघा ना, डोळे मिटलेत माझे. जन्मभर शिव्या दिल्या मी तिला, फोटो बिघडवलास म्हणून. ती हसायची नुसती."

स्टेशनात गाडी येऊन गेली.

गणूबाबांनी फोटो परत भिंगाखाली घेतला. या वेळी मात्र त्यांनी मिटल्या डोळ्यांच्या शेवंतामावशींकडेही बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, तू बरी आलेस गो."

"चला, कायतरीच," मावशी म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

फोटो द्यायला त्या तयार झाल्या. एका अटीवर: मोठा करायचा तर पोराचा भाग मोठा करायचा. ते मी मान्य केलं आणि नंतर पाळलं नाही.

राहता राहिला अर्ज. मी तिथेच बसून फोटोखालचा मजकूर लिहिला. खोली क्रमांक पंधराच्या दारात शेवंताबाई, शेजारी खोली क्रमांक चौदा, त्यापुढे खोल्यांची ओळ. वाचून दाखवला. गणूबाबा म्हणाले, "पोपट लिव."

"बाबा, पोपटाचा पुराव्याशी संबंध नाही."

"लिव. चौदाच्या दारावर पोपट. रंग निळा."

"निळा कुठला?" शेवंतामावशी म्हणाल्या. "हिरवा होता. पोपट कसला असतो?"

"निळा होता."

"मी रोज बघायचे भावजी, भिंतीला भिंत हाय माझी!"

"मी त्या दारातून आत जायचो. निळा."

फोटो काळा-पांढरा. दोघं अर्धा तास भांडले. साक्षीला जगात तिसरं माणूस नव्हतं. शेवटी मी लिहिलं, निळा. वकिलांनी तो शब्द खोडला. मी पुन्हा लिहिला. आयुष्यभर मी पत्रकांतून विशेषणं वापरत आले. पहिल्यांदाच एखाद्या विशेषणासाठी वकिलाशी भांडले.

जनसुनावणीला हॉल भरला होता. आमचा अर्ज पुकारला गेला. पुढे बसलेल्या अधिकाऱ्यांनी फोटो हातात घेतला, खोल्यांचे आकडे बघितले, शेजारच्याला दाखवले. अहवाल लिहिणारे लोक आपसांत कुजबुजले. निकाल अजून यायचा आहे, आणि मी त्याबद्दल आत्ताच काही बोलणार नाही. बोलायचं ते नाक्यावर बोलेन. पण फोटो नोंदीत आला. निर्जन हा शब्द आता तसाच राहू शकत नाही.

अधिकाऱ्यांनी खालचा मजकूर वाचला, कपाळाला आठी घातली आणि माइकमध्ये विचारलं, "हे दारावरचा पोपट, रंग निळा, हे काय आहे? पोपट निळा कसा?"

लोक हसले. गणूबाबा मागच्या रांगेतून उठले. कोणीतरी माइक दिला, तो त्यांनी उलटा धरला, मी सुलटा केला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "तिचा हिरवा संपला होता."

कोणी हसलं नाही. साहेबांनी पेन उघडलं आणि ते लिहून घेतलं.